सोबत्याचा थकवा

आजारांमध्येही एक अलिखित प्रतवारी असते. कर्करोग किंवा हृदयविकार म्हटले की सारा धर्मग्राम हळहळतो, घरी माणसांची रीघ लागते, मिस्सेत नाव घेऊन प्रार्थना होते. माडावरून किंवा शिडीवरून पडून टाचेचे हाड मोडले, तर मंडळी आठवडाभर येतात, शहाळी ठेवतात, 'जिवावरचे पायावर निभावले' असे म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात. त्यांचे म्हणणे खोटे नसते. परंतु मोडलेली टाच मोठी हट्टी असते. बहुधा 6 ते 12 आठवडे त्या पावलावर भार टाकता येत नाही. सूज आणि ताठरपणा त्यानंतरही महिनोन्महिने रेंगाळतात, आणि नीट चालू लागेपर्यंत कधी कधी वर्षही उलटते. रुग्ण पुनर्वसन केंद्रात असेल, तर त्याची दिनचर्या आखलेली असते. घरी उरलेल्या जोडीदाराची मात्र नसते. वाडीचे पाणी, मुलांचे डबे, बँकेतली कामे, दुपारच्या लोकलने केंद्रात जाणे आणि रात्री परतणे. मग दाराला कडी घालताना तेच घर एकाएकी फार मोठे वाटू लागते.

अशाच दिवसांतून जाणाऱ्या एका भगिनीने मला विचारले होते, "फादर, मला त्यांचा राग येतो. आजारी माणसाचा राग येणे पाप आहे का?" (हा प्रश्न प्रायश्चित्त संस्कारात नव्हे, ओसरीवर चहा घेताना विचारलेला आहे, म्हणून येथे लिहिण्यास हरकत नाही.)

प्रश्न साधा नाही. विवाहसंस्कारात आपण आजारपणातही एकनिष्ठ राहण्याचे वचन देतो. पण कधीच न थकण्याचे वचन देत नाही, आणि देऊही शकणार नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी असे प्रतिपादन केले की, मनातील भावना ही स्वतःहून चांगली वा वाईट नसते. बुद्धी आणि इच्छा यांच्याशी तिचा संबंध येतो, तेव्हाच ती नीतीच्या कक्षेत येते. राग आला, हे त्या भगिनीच्या हाती नव्हते. तो राग घेऊनही त्या रोज लोकल पकडत होत्या, हे मात्र त्यांच्या हाती होते, आणि त्यांचे वचन तेथे पाळले जात होते. हाच राग जपून, त्याला धार लावून, 'तुमच्यामुळे माझे हे हाल' असे आजाऱ्याला रोज ऐकवत राहिले, तर गोष्ट निराळी. उलट, 'आज मी फार दमले आहे' एवढे त्याला सरळ सांगणे हा मी दोष मानत नाही. आजाऱ्यालाही आपल्या जोडीदाराविषयी काही कळण्याचा हक्क असतो.

येथे आपल्या समाजाविषयी एक अप्रिय गोष्ट नोंदवली पाहिजे. पत्नीचा पाय मोडला, तर नवऱ्याच्या मदतीला त्याची आई, बहीण, शेजारीण धावतात आणि त्याने भात लावला तरी त्याचे कौतुक होते. नवऱ्याचा पाय मोडला, तर पत्नीची सेवा गृहीत धरली जाते. वचन दोघांनी एकाच वेदीसमोर, एकाच अर्थाचे दिलेले असते.

दुसरा पेच पुढे, रुग्ण घरी आल्यावर निर्माण होतो, आणि तो मला रागापेक्षाही अवघड वाटतो. मोडलेल्या पावलावर किती भार टाकायचा, हे शिकवण्यासाठी फिजिओथेरपिस्ट कधी कधी अगदी घरगुती वजनकाटा वापरतात. रुग्णाने त्यावर पाऊल ठेवायचे आणि ठरवून दिलेल्या किलोंवर काटा आला की थांबायचे. पुढे तो आकडा हळूहळू वाढवत नेतात. असा काटा सेवा करणाऱ्यापाशी नसतो. तीन महिने सर्व काही हातात देण्याची सवय झालेली असते. तो उठण्याआधीच पाण्याचा पेला पुढे येतो, वॉकर सरकवला जातो, 'राहू दे, मी करते' हे शब्द नकळत तोंडातून निघतात. त्यात प्रेम असते, भीतीही असते, आणि थोडी मालकीही असते. तो पाण्यासाठी स्वतः उठतो तेव्हा कपाळावर घाम येतो, भिंतीचा आधार लागतो, आणि खुर्चीत बसून हे पाहत राहणे पत्नीला स्वतः दहा हेलपाटे घालण्यापेक्षा जड जाते. ही सेवाच आहे, हे तिला कोणीतरी सांगायला हवे.

1521 साली पाम्प्लोना येथे तोफगोळ्याने इग्नेशियस यांचा उजवा पाय मोडला. हाड चुकीचे जुळले म्हणून ते पुन्हा मोडून बसवण्यात आले, वर आलेला तुकडा कापण्यात आला. लोयोलाच्या वाड्यात कित्येक महिने ते अंथरुणाला खिळून होते. त्या वाचनाने एका सरदाराचा संत झाला, हे आपण मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतो. ती पुस्तके त्यांची भावजय माग्दालेना हिने दिली, अशी परंपरा आहे. पुस्तकांपाशी आपली गोष्ट थांबते. पलंगापाशीच्या रात्री, बदललेल्या पट्ट्या, वेदनेने चिडलेल्या त्या तरण्या सरदाराची बोलणी कोणी सोसली, हे आपण विचारतही नाही.

रुग्णांना भेटायला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी पलंगाशी बसण्यापूर्वी स्वयंपाकघरात डोकवावे. शहाळे न नेले तरी चालेल. मंगळवारी दुपारी दोन तास मी इथे बसतो, तुम्ही झोपा किंवा बाजारात जाऊन या, असे म्हणावे. ती बहुधा नको म्हणेल. पुढच्या मंगळवारी पुन्हा विचारावे.