एका आमिषाची गोष्ट

भाच्याच्या पेटीला तीन मजले होते. वरच्या मजल्यावर क्रँकबेट: प्लास्टिकचे पोटफुगे मासे, तोंडाखाली पारदर्शक जीभ. जीभ जितकी लांब, तितका तो ओढताना खोल जातो. मधल्या मजल्यावर पाण्यावर बुडबुड आवाज करणारे पॉपर आणि चकचकीत पाकळ्यांचे स्पिनरबेट. तळाला रबरी गांडुळं. त्यांत काळी वेगळी, गडद निळी वेगळी. लार्जमाउथ बास या माशाला लाल आणि हिरवा चांगला ओळखू येतो, पण काळ्या-निळ्यात त्याची गल्लत होते. म्हणजे त्या दोन पाकिटांतलं एक तरी माशासाठी नव्हतं, गिऱ्हाइकासाठी होतं.

मामाकडे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. मामा मूळचा मालवणकडचा, पोरवयात खाडीवर गरवलेला, आणि आता अर्धं आयुष्य अमेरिकेत, जॉर्जियातल्या अटलांटात काढलेला. भाचा तिथे नोकरीला लागला तेव्हा मामाने त्याला पहिल्यांदा मासेमारीचा परवाना काढायला लावला, मग ओकोनी तलावावर नेलं. ओकोनी नदीवर वॉलेस धरण बांधून 1979 साली हा तलाव झाला. तिथे वीज करताना पाणी खाली सोडतात आणि नंतर तेच पंपाने परत वर घेतात. त्यामुळे तलाव असूनही पाणी अधूनमधून वाहायला लागतं, आणि पाणी वाहू लागलं की मासा खायला उठतो.

मार्चचा पहिला आठवडा. पाणी जेमतेम 13 अंश सेल्सिअस. भाच्याने सुरुवात पॉपरने केली, कारण पॉपरवर मासा उडी मारून तुटून पडतो असं त्याने व्हिडिओत पाहिलं होतं. ते व्हिडिओ उन्हाळ्यातले. दहा वेळा टाकून झालं की तो पेटी उघडायचा, नवं काढायचं, दोरीला गाठ मारायची, पुन्हा दहा वेळा. दिवसाचा बराच वेळ त्याचं आमिष पाण्यात नव्हतं, हातात होतं.

मामा पुलाच्या भरावापाशी उभा होता. भरावाला दगडी पिचिंग होतं. दुपारच्या उन्हाने दगड जरा तापतात, त्यांच्या फटींत क्रॉफिश राहतात आणि बासला क्रॉफिश आवडतात. मामाच्या दोरीला एक जिग: शिशाचं वाटाण्याएवढं डोकं, त्यातून निघालेला गळ, त्यावर तपकिरी रबरी झालर. तो ते दगडांलगत टाकायचा, तळाला टेकू द्यायचा, वीतभर ओढायचा आणि थांबायचा. थांबायचा म्हणजे खरंच थांबायचा. गार पाण्यात बासचं पचन मंदावलेलं असतं, पळणाऱ्या घासामागे तो धावत नाही. दुपारपर्यंत मामाने दोन मासे धरून सोडले. भाच्याचे हात कोरडे.

डबा खाताना भाचा म्हणाला, "मामा, तुझ्याकडे कुठलं आमिष आहे त्याचं नाव सांग, मी आजच मागवतो."

मामाने नाव सांगितलं नाही. त्याने जॉर्ज पेरीची गोष्ट सांगितली. "ही ओकोनी पुढे जाऊन ओकमल्गीला मिळते ना, त्या ओकमल्गीच्या काठी माँटगोमेरी नावाचं एक तळं आहे. 1932 चा जून. मंदीचे दिवस. पेरी विशीतला शेतकरी. पाऊस पडून गेलेला, रानात वाफसा नाही, म्हणून मित्राला घेऊन तळ्यावर गेला. दोघांत मिळून एकच आमिष, लाकडाचा रंगवलेला मासा. पाण्यावर हालचाल दिसली तिथे त्याने ते टाकलं. दोरी ताणली आणि तिथेच अडकून बसली. त्याला वाटलं, गेलं आमिष ओंडक्यात. मासा केवढा याची फिकीर नव्हती, आमिषाची होती. वर आला तो बावीस पौंड चार औंस. दहा किलोच्या वर!"

"मग?"

"मग वजन केलं, घरी नेऊन खाल्ला. बासच्या वजनाचा तो विक्रम आजही मोडलेला नाही. 2009 साली जपानात बिवा सरोवरात एकाने बरोबरी केली, तेवढंच."

गोष्ट सांगणाऱ्याला एक गोष्ट सांगायची असते आणि ऐकणारा भलतीच घेऊन जातो. भाच्याने पेरीची गोष्ट मनावर घेतली. पुढच्या शनिवारी तो आला तेव्हा पेटी घरी ठेवून आला होता. खिशात एकच आमिष, चंदेरी रंगाचा लाकडी मासा, बराच महाग.

आदल्या दोन दिवसांत जोरदार पाऊस झाला होता. जॉर्जियाची माती लाल. मृगाच्या पहिल्या पावसात कोकणातला व्हाळ जसा येतो, तसं तलावाचं ते अंग तांबडंलाल झालेलं. भाच्याने चंदेरी मासा टाकायला सुरुवात केली. सकाळ गेली, दुपार गेली. निष्ठेत कुठे कमी पडला असं कोणी म्हणू शकलं नसतं.

"पेरीला एकावर मिळाला," तो शेवटी कुरकुरला.

"अरे, पेरीकडे एकच होतं, कारण त्याच्याकडे पैसे नव्हते!" मामा चिडला. "असते तर त्यानेही चार घेतली असती. त्याने ते कुठे टाकलं ते बघ की. ये इकडे. हात घाल पाण्यात."

भाच्याने बाही सारून हात घातला.

"बोटं दिसतात?"

"नाही. मनगट बुडायच्या आधीच गेली."

"मग मासा तुझी चांदी कशी बघणार?"

भाचा हात तसाच बुडवून उभा राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणजे त्याला दिसत नाही. मग शोधतो कसा?"

"अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते. पाण्याचं थरथरणं त्यातून कळतं त्याला."

मामाने बिस्किटांचा डबा उघडून पुढे केला आणि मुद्दाम दुसरीकडे बघत राहिला. भाच्याने एक जिग उचललं, खाली ठेवलं. मग एक स्पिनरबेट काढलं: वाकवलेली तार, एका टोकाला शिशाचं डोकं आणि काळी झालर, दुसऱ्या टोकाला गोल पितळी पाकळी. त्याने पाकळी बोटाने फिरवून पाहिली. शेजारी लांबट पाकळीचं दुसरं होतं, तेही फिरवलं. गोल पाकळीचा धक्का जास्त होता. त्याने तेच बांधलं आणि तलावाच्या मध्यावर भिरकावणार, तेवढ्यात थांबला, वळला आणि पिचिंगलगत टाकलं. पाकळी जेमतेम फिरत राहील इतक्या सावकाश ओढू लागला. काठीतून तिची धडधड हाताला कळत होती. चौथ्या की पाचव्या खेपेला ती धडधड एकदम बंद पडली.

मासा किलोभराचा असेल. भाच्याने ओल्या हाताने त्याचा खालचा जबडा धरला, गळ काढला, फोटो काढायचं विसरला आणि सोडून दिला. लगेच पुन्हा त्याच जागी टाकलं. या वेळी आमिष दोन दगडांच्या फटीत शिरलं. त्याने डावीकडून ओढलं, उजवीकडून ओढलं, आणि दोरी तुटली.

मामाने रिकाम्या दोरीकडे बघितलं.

"पुढच्या शनिवारी तुझी ती पेटी घेऊन ये."

"सगळी?"

"सगळी. माझ्याकडे तसं एकच होतं."