दोनची एस.टी.

ये डॉक्टर. बसू नकोस, उभाच राहा. हा केसपेपर ओळखतोस? अक्षर तुझंच. ‘फंडस नॉर्मल.’ दोन शब्द, खाली झोकदार सही. थेंब घालून बाहुली मोठी केली नाहीस, मग आतला पडदा बघितलास कसा? अंतर्ज्ञानाने?

बाई काय सांगत होत्या, वाच की. उजव्या डोळ्यापुढे तीन दिवस माशा उडतायत, कडेला वीज चमकते. चष्मा मायनस आठचा. पहिल्या वर्षाचं पोरसुद्धा म्हणेल, पडद्याला छिद्र शोधा. तुला सुचलं नाही म्हणू नकोस. मागच्याच महिन्यात लोझानच्या ज्यूल गोनिनवर पाऊण तास बोललास. छिद्र शोधून बुजवलं की सुटलेला पडदा परत बसतो, हे त्याने दाखवलं. त्याआधी पडदा सुटला की डोळा गेलाच धरायचे. टाळ्या मीही वाजवल्या. ओपीडीत शिरताना ते सगळं कुठल्या खुंटीला टांगलंस?

म्हणे बाईंना दोनची एस.टी. गाठायची होती. थेंब घातले की धूसर दिसतं, म्हणून तुला दया आली. अरे, थेंबांना लागतो जेमतेम अर्धा तास. एस.टी. कोणाची चुकत होती, त्यांची की तुझी मेसची?

आणि ओसीटी काढलं होतं! काढलंस की. मॅक्युलाचं, पडद्याच्या मध्याचं. चोर शिरला परसातून आणि तू देवघराचा फोटो काढून आणलास. पडद्याची कड बघायला डोक्यावर इनडायरेक्ट चढवावा लागतो, हातात २० डायॉप्टरचं भिंग धरावं लागतं, इंडेंटरने डोळा दाबत घड्याळाचे बाराही आकडे फिरावे लागतात. मान मोडते. घाम निथळतो. मशीनला फक्त बटण लागतं, म्हणून ते तुझं लाडकं. बरं, स्लिट लॅम्पवर नेत्रभिंगामागे तपकिरीच्या चिमटीसारखे कण तरंगतात, ते तरी शोधलेस? गप्प का?

नवव्या दिवशी बाई परत आल्या. नाकाच्या बाजूने, खालून सावली चढत चढत मधोमध आलेली. मी बघितलं. साडेदहावर घोड्याच्या नालेसारखं छिद्र, मॅक्युला सुटलेला. पहिल्याच दिवशी छिद्राभोवती लेझर मारलं असतं तर काही मिनिटांत काम होतं. नखाने तुटणाऱ्याला आता कुऱ्हाड लागली. व्हिट्रेक्टमी केली, डोळ्यात गॅस भरला. नजर किती येईल, असं त्यांचा मुलगा विचारतोय. उत्तर द्यायला तू जायचंस, मी नाही.

आणि गॅस आहे तोवर घाट बंद. उंचावर बुडबुडा फुगतो, डोळ्याचा दाब चढतो, हे तुला तोंडपाठ आहे. बाईंचं घर महाबळेश्वराकडे. ज्या एस.टी.साठी थेंब वाचवलेस, तीच आता कित्येक आठवडे त्यांना आंबेनळी घाट चढवून घरी नेऊ शकत नाही.

तू मठ्ठ असतास तर मी घसा कोरडा केलाच नसता. मठ्ठांना मी फक्त पास करतो.

डावा डोळा बघितलास? त्यालाही मायनस आठच आहे. नाही ना? वाटलंच. चार नंबरच्या खाटेवर पालथ्या पडल्यात. विचारून थेंब घाल, अर्धा तास तिथेच थांब, आणि कड न् कड कागदावर काढून आण. छिद्र लाल, सुटलेला पडदा निळा. पेन्सिली माझ्या खणात आहेत. टोक करून घे.