विवाहाचें वचन आणि धर्माचें बंधन

विवाहबंधन तोडतां यावें कीं नाहीं, हा प्रश्न निघाला म्हणजे 'कॅथॉलिकांत घटस्फोट नाहीं' एवढ्या एका वाक्यानें त्या पंथाच्या मताची वासलात लावण्याचा प्रघात आहे. हें विधान खोटें नाहीं. परंतु अपुरें आहे. बाप्तिस्मा झालेल्या दोघांचा विवाह विधिपूर्वक होऊन शरीरसंबंधानें पूर्ण झाला म्हणजे तो मृत्यूवांचून सुटत नाहीं, असें कॅथॉलिक धर्मशास्त्र मानतें. मात्र दोघांचाही बाप्तिस्मा झालेला नसतांना जो विवाह झाला, त्यांत पुढें एकानें बाप्तिस्मा घेतला आणि दुसऱ्यानें त्याच्याशीं नांदण्याचें नाकारलें, तर बाप्तिस्मा घेतलेल्यास पुनर्विवाहाची मुभा तेंच शास्त्र देतें. संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत तिचा आधार आहे. एक निघून गेल्यावर दुसऱ्यानें एकट्यानें बंधन वाहत राहावें, असा आग्रह तें कठोर शास्त्रही येथें धरीत नाहीं.

अशा मुभेचें मोल कळण्यास महाराष्ट्रांतलेंच एक उदाहरण पाहावें. भंडारा जिल्ह्यांतून जाणाऱ्या नागपूर-राजनांदगांव लोहमार्गावर प्रवास करीत असतां नारायण वामन टिळकांस एका गोऱ्या सहप्रवाशानें बायबल दिलें, आणि १८९५ सालीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. टिळक कॅथॉलिक नव्हते, प्रॉटेस्टंट होते. परंतु पेंच तोच. लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या आणि आप्तांकडे वेगळ्या राहूं लागल्या. धर्मांतरामुळें जोडीदारानें टाकलेल्या ख्रिस्ती मनुष्यास न्यायालयांतून मोकळें होतां यावें, असा कायदा १८६६ सालींच झाला होता. टिळकांनीं ती वाट धरली नाहीं. कांहीं वर्षांनीं लक्ष्मीबाई परत आल्या, त्या हिंदू म्हणूनच. पुढें १९०० सालीं स्वतःच्या विचारानें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

यावर कोणी म्हणेल, धीर धरला तर संसार पुन्हां जुळतो. मग मोकळें होण्याची वाट हवीच कशाला? आम्हांस हें अनुमान मान्य नाहीं. दार उघडें असतां जो बाहेर पडत नाहीं, त्याच्या राहण्यास निष्ठा म्हणावें. ज्यास कडी लावून कोंडलें, त्याच्या राहण्यास तें नांव शोभत नाहीं. आणि कोंडलेल्यांत स्त्रियाच अधिक असत. १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्यान्वयें ख्रिस्ती पतीस पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणें पुरे होई. पत्नीस मात्र बहुधा व्यभिचाराच्या जोडीस क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. १९९७ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठानें हा पक्षपात घटनाबाह्य ठरविला, आणि २००१ सालीं संसदेनें तो कायदा बदलून उभयतांस समान कारणें दिलीं.

चर्चचें न्यायपीठ घटस्फोट देत नाहीं; विवाह मुळांतच वैध नव्हता, एवढेंच तें ठरवूं शकतें. अशा निवाड्यानें कायद्याच्या दृष्टीनें विवाह सुटत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं स्पष्ट केलें. तेव्हां ज्यास पुन्हां चर्चमध्यें विवाह करावयाचा आहे, त्यास दोन दारें ठोठवावीं लागतात. हा जाच खरा आहे. तथापि श्रद्धेचा निवाडा आणि नागरिकाचा हक्क हे एकाच हातीं जाण्यापेक्षां हा जाच आम्ही पत्करूं.

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यांत ख्रिस्ती घरें मोजकीं आणि शेजार परधर्मीयांचा. तेथें मिश्रविवाहाचा प्रश्न केवळ पोथींतला राहत नाहीं. तेथेंही चर्चची पावलें याच दिशेनें पडलीं आहेत. मुलांस कॅथॉलिक वळणानें वाढविण्याची हमी पूर्वीं दोन्ही पक्षांकडून घेत असत. १९७० पासून कॅथॉलिक पक्षानें आपल्याकडून होईल तेवढें करण्याचें वचन द्यावयाचें, आणि दुसऱ्या पक्षास त्या वचनाची कल्पना द्यावयाची, एवढाच नियम उरला आहे.

आमच्या मतें यांतच योग्य मर्यादा आहे. ज्यानें स्वेच्छेनें वचन दिलें, त्याच्याकडे धर्मानें तें जन्मभर मागावें. त्यांत धर्माचें थोरपण आहे. पण जें वचन दुसऱ्यानें दिलेंच नाहीं, अथवा ज्याचा दुसऱ्यानें केव्हांच भंग केला, त्याच्यासाठीं एखाद्या जिवास आयुष्यभर डांबून ठेवण्याचा अधिकार ना धर्मास आहे, ना राजसत्तेस.