सहाव्या मुलाचा वाटा

निवृत्तीनंतर गावाकडच्या घरी जाऊन राहावं, असं म्हणणारे आपल्यात पुष्कळ असतात. प्रत्यक्ष जाणारे थोडे. जे जातात त्यांच्यापुढे पहिली अडचण येते जागेची. शहरातल्या तीन खोल्यांचा संसार गावच्या लहानशा घरात मावत नाही, आणि तिथे आई-वडिलांचा संसार आधीच भरलेला असतो. मग काय ठेवायचं, काय काढायचं, याचा हिशेब सुरू होतो. कमी वस्तूंत जगण्याचं अलीकडे कौतुक होतं आणि ते रास्तच आहे. पण हा हिशेब आपण बहुधा स्वतःपुरता मांडतो. मला काय लागतं, मला काय जड होतं, एवढंच त्यात असतं. मला वाटतं, त्याच्या आधीचा एक प्रश्न राहून जातो. जे आपण ठेवतो किंवा काढतो आहोत, त्यावर हक्क कोणाकोणाचा आहे?

बाबांच्या माघारी हिवरखेडच्या घरी राहायला आलो आणि हा प्रश्न रोज समोर येऊ लागला. सातपुड्याच्या पायथ्याचं, तेल्हारा तालुक्यातलं हे गाव. केळी, संत्री आणि पानपिंपरीच्या मळ्यांचा हा पट्टा. गाव म्हणायचं ते सवयीनं. आता इथे नगर परिषद आहे. मीटरगेज होती तेव्हा अकोला-खंडवा गाडी इथे थांबायची आणि सुट्टीला येणारा माणूस दोन हातांत मावेल तेवढंच सामान घेऊन उतरायचा. ती गाडी बंद झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये अकोला ते अकोट ब्रॉडगेज सुरू झाली. पुढचा मार्ग मेळघाटचा व्याघ्र प्रकल्प टाळून हिवरखेडकडून न्यायचा ठरला आहे. माझं सामान मात्र छोट्या हत्तीतून आलं आणि निम्मं ओसरीतच अडकलं.

घर धाब्याचं आहे. मातीच्या रुंद भिंती, सागवानी खांब, पुढे ओसरी, मग माजघर, मागे चूल आणि न्हाणी. मे महिन्यात अकोल्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, तेव्हा या माजघरात दुपारी झोप लागते. पावसाळ्याआधी धाब्यावर मातीचा थर द्यावा लागतो, भिंती लिंपाव्या लागतात. घराला वरचेवर आपला हात लागावा लागतो. जो येतो तो सल्ला देतो, पाडा आणि स्लॅब टाका. घर आपल्या मापाचं करून घ्यायचं की आपण घराच्या मापाचं व्हायचं, हे ठरवायला मला वेळ लागला नाही. बाबा आणि माय या घरात आयुष्यभर राहिले, आम्हा भावंडांना वाढवलं. एका माणसाला ते अपुरं पडत असेल तर कमी करायला हवं ते सामान.

शहरातून आणलेल्या सोफ्याचं, पलंगाचं, कपाटांचं काय करायचं, यावरही सल्ला तयार होता. गावात कुणाला तरी देऊन टाका, पुण्य लागेल. पण ज्यांना द्यायचं त्यांची घरं माझ्या घराहून लहान आहेत. माझी अडगळ त्यांच्या दारात नेऊन ठेवायची आणि वर त्यांनी उपकार मानायचे, हे बरोबर नाही. फाटके कपडे, बंद पडलेला टीव्ही, तुटकी सायकल हे सगळं शहरातून गावाकडे येतं ते दान म्हणून. ज्यांच्याकडे नकार द्यायची सोय नसते त्यांना आपण नको असलेलं देतो आणि मनात मात्र दात्याची जागा घेतो.

घरातल्या वस्तूंची गोष्ट आणखी वेगळी निघाली. माजघराच्या कोपऱ्यात एक मोठा पितळी गंज होता. कल्हई गेलेली, एका बाजूला पोचा आलेला, काठावर ठिपक्याठिपक्यांनी ठोकून कोरलेलं आजीचं नाव. पितळेला भाव बरा आहे आणि मोड घेणारा दाराशी येतो. तो वजनकाटा काढत होता, तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. ‘‘भाऊ, हा गंज मोडीत नोका घालू. माह्या दोन्ही पोरीइच्या लग्नात याच्यातच वरण शिजलं.’’ मग एकेकानं सांगितलं. कुणाच्या तेरवीला, कुणाच्या बारशाला, महालक्ष्म्यांच्या जेवणाला हाच गंज गेला होता. भांड्यावर नाव का कोरतात, ते तेव्हा नीट उमजलं. जे भांडं घराबाहेर जाणारच नाही, त्यावर नाव घालायची गरज काय? चार घरी फिरून ते परत यावं म्हणून नाव घालायचं. आजीचं नाव त्यावर होतं ते गंज गल्लीत फिरत होता म्हणूनच. कायद्यानं तो माझा असेल; वापरानं तो साऱ्या गल्लीचा होता. आता तो गल्लीतल्या महिला बचत गटाकडे आहे, नव्या कल्हईसह.

भांड्याचं हे खरं असेल तर घराचं काय? आम्ही दोन भावंडं, ताई आणि मी. घर बाबांच्या नावावर. आपल्याकडची रीत अशी की घर आणि शेत भावाचं, बहिणीला साडी-चोळी आणि माहेरपण. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातही कलम २३ असं होतं की, राहत्या घरात मुलगे असतील तर त्यांनी मनावर घेईपर्यंत मुलीला त्या घराची वाटणी मागता येत नसे. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं ते कलम काढून टाकलं आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की, या हक्कासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. कायदा इतका पुढे आला, तरी घराघरांत हक्कसोडपत्राचा कागद तयारच असतो. तेरवीचे पाहुणे अजून गेलेले नसतात आणि बहिणीसमोर सहीसाठी पेन येतो. ती सही करते. मग आपण चारचौघांत सांगतो की, तिनं प्रेमानं सोडलं.

कुणी खरोखर प्रेमानं सोडत असेल तर त्याचा मान राखावा. पण सोडण्यासाठी आधी हातात यावं लागतं. जे कधी तिच्या नावावर लागलंच नाही, ते तिनं सोडलं असं कसं म्हणायचं? नाही म्हटलं तर माहेर तुटेल, या भीतीनं झालेल्या सहीला प्रेम म्हणणं हा त्या प्रेमावर अन्याय आहे. माहेर भावाच्या मर्जीवर उभं असू नये. म्हणून वारस नोंदीच्या अर्जात दोघांची नावं आहेत आणि घराची एक किल्ली ताईकडे आहे. पुढे ती काय करेल, तो तिचा विचार.

ताईनंच एक गोष्ट सुचवली, ती मला फार मोलाची वाटते. ती म्हणाली, आपण दोघांनी वस्तू निवडायच्या आधी काकांना बोलवू. काका म्हणजे आमच्या वावरात आयुष्यभर सालदार म्हणून राबलेले गृहस्थ. एरवी अशा माणसाची पाळी शेवटी येते. घरच्यांनी घेऊन उरलं की त्यांना बोलावतात. ते आले, बराच वेळ नुसते बसले, मग वखर मागितलं आणि लोखंडी संदूक. वखराचं त्यांच्या मुलाला काम होतं. संदूक चांगली होती, तीच आम्हालाही हवी होती. ती त्यांच्या घरी गेली. संदुकीत लग्नाकार्यात आहेर म्हणून आलेले, घडीही न मोडलेले दुपट्टे-टोप्या आणि नव्या चादरी होत्या. त्या शेजारीपाजारी दिल्या, वापरलेल्या आम्ही ठेवल्या.

इथे विनोबांची आठवण येते. १९५१ साली ते वर्ध्याहून पायी हैदराबादकडे गेले आणि १८ एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत पहिलं भूदान झालं, शंभर एकरांचं. त्यानंतर वर्षानुवर्षं ते गावोगाव चालले. जमीनमालकाला ते सांगत की, मी भीक मागत नाही. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. वाटा देताना कुणी दाता होत नाही आणि घेणाऱ्याची मान खाली जात नाही. ही मागणी त्यांनी घरातल्या नात्याच्या भाषेत केली, हेच तिचं बळ होतं. त्या चळवळीत चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन मिळाली. पण त्यातली पुष्कळ खडकाळ, नापीक किंवा वादात अडकलेली निघाली. म्हणजे अनेकांनी सहाव्या मुलाला वाटा दिला खरा, पण पाचांना नको असलेला. सख्ख्या मुलाला कुणी असा तुकडा दिला नसता. आज घर रिकामं करताना आपण तेच करत असू तर विनोबांच्या त्या मागणीतलं आपल्याला काही कळलेलं नाही.

म्हणून वस्तू कमी करण्याला मी नुसता साधेपणा म्हणणार नाही. आपलं ओझं हलकं झालं एवढ्यानं काम संपत नाही. ज्याच्या श्रमानं ती वस्तू घरात आली, ज्यानं ती वापरली, ज्याचा तिच्यावर कायद्यानं किंवा नात्यानं हक्क आहे, त्याच्यापर्यंत ती चांगल्या स्थितीत पोचली का, हे पाहावं लागतं. सगळ्यांचे वाटे घालून जे उरतं ते आपलं. माझ्या अनुभवानं सांगतो, तेवढ्यात नीट राहता येतं. ओसरीत आता चार माणसं बसू शकतात आणि संध्याकाळी बसतातही.

ज्यांचे आई-वडील हयात आहेत, त्यांनी कोणती वस्तू कुणाकडे जावी हे त्यांनाच विचारून घ्यावं. ते आनंदानं सांगतात, आणि त्यात आपल्याला माहीत नसलेली नाती कळतात. आणि ज्यांच्या गावी कुलूप लागलेलं घर आहे, त्यांना एवढंच सांगणं आहे. ते कुलूप उघडायला जाल तेव्हा मोडवाल्याला आणि गवंड्याला नंतर बोलवा. आधी बहिणीला बोलवा, मग त्या घरासाठी राबलेल्या माणसांना. आणि त्यांची निवड होईपर्यंत तुम्ही निवडू नका.