निनावी मृतांचे देणे

नागपूरच्या आसपास रानामाळांत मोठमोठ्या काळ्या दगडांची वर्तुळे आढळतात, ती आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. जुनापाणी येथे अशी सुमारे ३०० वर्तुळे आहेत; माहुरझरी, टाकळघाट व नायकुंड येथेही ती आहेत. हे कोणाच्या घरांचे पाये नव्हेत. ही थडगी होत. विद्वानांनी त्यांपैकी काही खणून पाहिली, तेव्हा दगडमातीच्या भरावाखाली मनुष्यांची हाडे, काळी-तांबडी मडकी आणि लोखंडी हत्यारे सापडली. माहुरझरीस तर माणसांबरोबर पुरलेल्या घोड्यांची हाडे व घोड्याच्या मुखावर घालावयाचे तांब्याचे अलंकारही मिळाले. ख्रिस्तजन्मापूर्वी कित्येक शतके होऊन गेलेल्या ह्या लोकांचे नाव कोणास ठाऊक नाही, आणि त्यांची भाषाही कोणास ठाऊक नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या आरंभी मी एका उपदेशकबंधूसह एका गावाहून दुसऱ्या गावी पायवाटेने जात होतो. सागाची पाने गळून वाट झाकली होती, आणि मोहाची फुले वेचणाऱ्या बाया पहाटेच येऊन गेल्या होत्या. झाडी विरळ झाली तेथे असेच एक वर्तुळ दिसले. परंतु त्यात पडलेल्या दातांप्रमाणे मध्ये मध्ये रिकाम्या जागा होत्या, माती ताजी उकरलेली होती, आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आमच्याच मंडळीच्या गावाकडे गेल्या होत्या.

वाचकहो, ह्या दोषात माझा वाटा आहे. प्रार्थनामंदिराच्या पायासाठी दगड विकत घेण्यास पैसा नाही, असे पंचांनी सांगितले, तेव्हा, "रानात दगड पुष्कळ आहेत, आणा," असे मीच म्हणालो होतो. कोणते दगड, हे मी विचारले नाही.

त्या रात्री मंडळी जमली. उपदेशकबंधू म्हणाले, "पाळकसाहेब, ते लोक मूर्तिपूजक होते. मेलेल्यांची पूजा आपण सोडली आहे. योशीया राजाने तर बेथेल येथील थडग्यांतून हाडे काढून जाळली. मग मोकळ्या रानातील दगड देवाच्या घरास लागले तर बिघडले काय?" पुष्कळांनी माना हलविल्या. तेव्हा मागे बसलेली एक वृद्ध विधवा म्हणाली, "माझे आजे बाप्तिस्मा न घेताच वारले. त्यांच्या उराशी ठेवलेला धोंडा कोणी उचलून नेला, तर तुम्ही मला काय सांगाल, बाबा?" ह्यावर कोणी बोलले नाही.

प्रश्न असा आहे: ज्यांचा वारस उरला नाही, ज्यांचे नाव ठाऊक नाही, आणि जे आपल्या धर्माचे नव्हते, अशा मृतांचे आपण काही देणे लागतो काय?

योशीयाचे उदाहरण प्रथम घेऊ. त्याने जे केले ते अगोदरच सांगितलेल्या देवाच्या वचनाप्रमाणे, एक भ्रष्ट वेदी विटाळावी म्हणून केले. दगडाची किंमत वाचावी म्हणून केले नाही. आणि त्याच ठिकाणी देवाच्या माणसाचे थडगे दिसताच, ह्याच्या अस्थींना कोणी हात लावू नये, असे त्याने सांगितले. तसे कार्य आपणांस कोणी नेमून दिलेले नाही.

आता आमोस संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायाचा आरंभ पाहा. मवाबाने अदोमाच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केला, म्हणून देव मवाबाला शासन करीन म्हणतो. अपराध करणारा इस्राएल नव्हे. ज्याचा अपमान झाला तोही इस्राएल नव्हे. एका परराष्ट्राने दुसऱ्या परराष्ट्राच्या मृत राजाशी केलेले हे वर्तन. त्याची फिर्याद मांडण्यास मृत काही आला नाही. तरी ती फिर्याद देवापुढे पोहोचली. आमोस ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात होऊन गेला, आणि आपल्या रानातील थडगीही विद्वान ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातीलच मानतात. ज्या देवाने अदोमाच्या हाडांचा हिशेब ठेवला, त्याला ह्या हाडांचा विसर पडला असे कोण म्हणेल?

शिवाय अब्राहामाने सारेला पुरण्यासाठी हेथी लोकांपासून मकपेलाची गुहा ४०० शेकेल चांदी देऊन घेतली. फुकट देऊ केली असताही त्याने फुकट घेतली नाही. आम्ही मात्र देवाच्या घरासाठी मृतांची जागा फुकट घेतली.

कोणी म्हणेल, हा आदर वाढत वाढत पूजेत जाईल. भीती खोटी नाही, आणि उपदेशकांनी सावध असावेच. परंतु थडग्यावर नारळ फोडणे निराळे आणि थडगे न मोडणे निराळे. पूजा करणारा मृतापासून काही मिळावे अशी आशा धरतो. आदर करणाऱ्याला त्याच्यापासून काहीच मिळावयाचे नसते. जिवंत शेजारी उपकार फेडील किंवा भांडेल. मृत दोन्ही करीत नाही. म्हणून त्याच्याशी आपण कसे वागतो, ह्यात आपला न्याय उघडा पडतो. त्यांच्या आत्म्यांचे काय होईल, हे सर्व जगाच्या न्यायाधीशाच्या हाती आहे. त्यांचे दगड मात्र आपल्या हाती आहेत.

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप साहेब टाकळघाटची हीच वर्तुळे पाहण्यास गेले होते, आणि परत येताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी पुराच्या पाण्यात बुडून मरण पावले. सुवार्ता सांगणाऱ्या त्या सेवकास ह्या निनावी लोकांची विचारपूस करणे कमीपणाचे वाटले नाही.

मंडळीने शेवटी दगड न वापरण्याचे ठरविले. काही पायात बसले होते, तेही उकरून काढले. अशा कित्येक जागांना १९५८ च्या कायद्याने संरक्षण आहे, म्हणून आम्ही झालेला अपराध सरकारी पुराणवस्तू खात्यास कळविला. कोणता दगड कोठला, हे आता नक्की सांगता येत नाही. ती खूण आम्ही कायमची पुसली. पावसाळा आला तेव्हा भिंती उभ्या नव्हत्या, म्हणून उपासना त्या वृद्ध बाईच्या ओसरीवर होऊ लागली. ओसरी लहान आहे. मागचे लोक छत्री धरून बसतात.

उपदेशकबंधूंनो, आपल्या गावच्या शिवारात अशी वर्तुळे असतील तर लोकांना ती दाखवा, आणि सांगा की, येथे कोणीतरी आपल्या प्रिय माणसासाठी रडत रडत धोंडे वाहिले. त्यांना पुनरुत्थानाची आशा ठाऊक नव्हती. आपणांस ती ठाऊक आहे. म्हणून आपण त्यांच्यापेक्षा कमी दयाळू असू नये.