भारा कोणी उचलायचा?

जंगलात यंत्र शिरलं की जंगल नासतं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यातल्या एकाच्याही डोक्यावर मी अजून भारा पाहिलेला नाही.

मी गटाचा मिनी ट्रॅक्टर चालवतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या बचत गटांसाठी सरकारने जी योजना काढली, तिच्यातला. ९ ते १८ एचपीचं यंत्र, सोबत ट्रेलर, ३ लाख ५० हजारांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदान. दिला शेतीसाठी. पण शेत आहे कोणाकडे? म्हणून पेरणी आटोपली की उन्हाळ्यापर्यंत तो ग्रामसभेच्या जंगलात बांबू आणि वाळलं लाकूड ओढतो.

दोस्तहो, एक गोष्ट ध्यानात घ्या. २००६ चा वनहक्क कायदा आला, १ जानेवारी २००८ ला त्याचे नियम आले. वनोपज जंगलातून कशावर न्यायची, तर डोक्यावर, सायकलवर, नाहीतर हातगाडीवर! मोटारगाडी आणायची तर जुने परवान्याचे नियम. कागद कारखान्यांचे ट्रक त्याच बांबूने भरून वर्षानुवर्षं गेले, तेव्हा कोणाला डोकं आठवलं नाही. हक्क आमच्या हाती आला आणि लगेच ओझं कायद्यात आलं. २०१२ च्या दुरुस्तीने ते शब्द गेले, 'योग्य वाहन' आलं.

बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस-गांधींवरच्या पुस्तकात यंत्राची बाजू घेतली ती याचसाठी. माणूस जनावरासारखा राबत राहिला तर त्याला फुरसत नाही, आणि फुरसत नाही तिथे संस्कृती नाही. दोष यंत्राचा नाही, फायदा मूठभरांच्या घरात नेणाऱ्या समाजरचनेचा आहे.

आता हाच न्याय आपल्याला लावू. बायकांचा अख्खा दिवस जायचा ते काम मी एका फेरीत करतो. त्यांची मान सुटली, खरं. पण मजुरीही सुटली. गटाच्या कागदावर त्यांची नावं, सीटवर मी. ही फुरसत की बेकारी? मला तरी हा प्रश्न जंगल नासण्यापेक्षा मोठा वाटतो.

जंगलवाल्यांचं सगळंच खोटं नाही. ट्रॅक्टर लहान असला तरी ओल्या मातीत चाकं फिरली की जमीन दबते, पाणी मुरत नाही, मुळं सोलतात. म्हणून पावसाळ्यात आत जायचं नाही, आणि एकदा पाडलेल्या वाटेनेच जायचं. उतारावर आडवं चालवायचं नाही, सरळ वर किंवा सरळ खाली. ओंडका ओढताना साखळी खालच्या ड्रॉबारलाच. मागच्या आसाच्या वर कुठे बांधली आणि ओंडका खुंटाला अडकला, तर पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे चालवणाऱ्याच्या अंगावर येतो. उडी मारायला वेळ मिळत नाही. डोक्यावर लोखंडी चौकट आणि कमरेला पट्टा नसेल तर ओढकाम घेऊच नये.

हे सगळं शिकायला मला एक हंगाम लागला. बायकांना त्याहून जास्त का लागावा? मी गटापुढे दोन गोष्टी ठेवल्यात. किल्ली पाळीपाळीने फिरावी, आणि दर फेरीच्या भाड्यातून बांबू तोडणाऱ्या-भरणाऱ्या बायकांचा वाटा आधी निघावा, डिझेल आणि हप्ता नंतर. दुसरीवर हिशेब अडलाय. पहिलीवर दोघं गडी म्हणाले, बाई ट्रॅक्टर उलटवील. त्यातल्या एकाची साखळी मी परवाच वरून सोडवून खाली बांधली. बैठक रविवारी आहे.