तुला डॉक्टर नकोय, होकार हवाय

पुढच्या शनिवारी तू डोकं भादरून घेणार, एका दिवसात केसांचे पाच हजार ग्राफ्ट लावून घेणार, आणि त्यासाठी ॲडव्हान्सही भरून बसलास. मला एकाच प्रश्नाचं उत्तर दे. तुझ्या टाळूत सुई कोण घालणार आहे? नाव सांग. क्लिनिकचं नको, माणसाचं.

नाही सांगता येत ना? "तिथे डॉक्टर असतात, सर." असतात म्हणजे काय? कोणते? काय शिकलेले? नोंदणी क्रमांक काय? तासभर तुझ्याशी बोलली ती काउन्सेलर. तिचं काम विक्रीचं. तिने फोटो काढले, कपाळावर पेनाने रेघ ओढली, हप्ते किती बसतील ते सांगितलं आणि "महिनाअखेरपर्यंतच सूट आहे" म्हणाली. डॉक्टर तुला अजून दिसलेला नाही. तरी तू पैसे दिलेस.

फ्लॅट घेताना तूच महारेराचा क्रमांक तपासलास. करारनामा वकिलाकडून वाचून घेतलास आणि त्यातलं एक गोलमाल कलम वकिलाच्याही आधी तू पकडलंस. म्हणून तर संताप होतो. ज्याला कळत नाही त्याच्यावर मी आवाज चढवत नाही. तुला कळतं. कळत असून तू न कळल्यासारखं वागलास.

का वागलास तेही सांगतो. तुला डॉक्टर नकोच होता. होकार हवा होता. मागच्या वर्षी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेला होतास. त्या म्हणाल्या, वय कमी आहे, टक्कल अजून पुढे सरकतंय, आधी वर्षभर औषध नेमाने घे, मग शस्त्रक्रियेचं बोलू. पुन्हा त्यांच्या दारात गेलास का? नाही. त्यांची चिठ्ठी कुठे आहे? तेही माहीत नाही. नाही म्हणणारी डॉक्टर सोडलीस आणि हो म्हणणारं दुकान शोधत फिरलास. शोधणाऱ्याला असं दुकान मिळतंच.

आता तुझी कारणं घेऊ. पहिलं कारण पाण्याचं. टँकरचं पाणी जड आहे म्हणून केस गेले म्हणे. नाचता येईना अंगण वाकडं! अरे, तेच पाणी तुझ्या डोक्याच्या मागच्या भागावरही पडतं ना? तिथले केस दाट कसे? कपाळाचे कोपरे आणि टाळूचा मध्य तेवढा उघडा पडला, कानाच्या वरचा आणि मागचा पट्टा शाबूत. पाणी काय जागा बघून पडतं? हे आनुवंशिक टक्कल आहे. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. पुढच्या आणि मधल्या केसांची मुळं त्याला जन्मतःच हळवी असतात. ती आक्रसत जातात, केस दर फेरीला बारीक आणि आखूड उगवतो, शेवटी उगवायचाच थांबतो. मागच्या पट्ट्यातली मुळं तशी हळवी नसतात. बारावीला जीवशास्त्रात एवढे गुण मिळवणाऱ्याला हे मी सांगायचं?

सगळ्यांचे केस याच कारणाने जातात असंही नाही, आणि म्हणूनच निदान लागतं. २०२४ संपता संपता बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं घाबरली. लोकांचे केस चार-पाच दिवसांत मुठीने हातात येत होते. आधी पाण्यावर संशय गेला, मग शाम्पूवर, मग बुरशीवर. डॉ. हिंमतराव बावसकरांनी रेशनचा गहू तपासायला पाठवला आणि त्यात सेलेनियम जास्त निघालं. रुग्णांच्या रक्तातही ते वाढलेलं सापडलं. तपासलं म्हणून कळलं! डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण किंवा अघोरी डाएट झालं की दोन-तीन महिन्यांनी केस भसाभसा गळतात, आणि बहुतेकांचे पुढच्या काही महिन्यांत आपसूक परत येतात. चाई वेगळी, तिला उपचार वेगळा. थायरॉइड बिघडलं, लोह कमी पडलं, तरी केस जातात. तू काय तपासलंस? एक रक्ततपासणी केलीस? तुझी बहीण तर बायोटिनच्या गोळ्या खातेय, तुझ्याच सल्ल्याने. बायोटिनमुळे थायरॉइडच्या तपासणीचे आकडेच चुकू शकतात, हे तिला सांगितलंस? तिला आधी डॉक्टरकडे घेऊन जा. स्त्रियांच्या केसगळतीची गणितं वेगळी असतात, आणि त्यात तुझं ज्ञान शून्य आहे.

पुढे तेलं. तीन वर्षांत किती बाटल्या झाल्या? कांद्याचं, भृंगराजाचं, कुठल्या तरी जंगलातल्या मुळीचं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. आपल्या देशाच्या औषधविषयक नियमांत 'जे' अनुसूची आहे. कोणते आजार बरे करण्याचा दावा औषधाने करायचा नाही, त्यांची ती यादी. टक्कल त्या यादीत आहे. नवे केस उगवणं हेही आहे. म्हणजे "टक्कल घालवतो" असं बाटलीवर छापणारा कायदा मोडूनच तुझ्यासमोर उभा राहतो, आणि तू त्याला पैसे देतोस. २०२५ च्या मार्चमध्ये पंजाबात संगरूरला टक्कल घालवण्याचं शिबिर भरलं. लोकांनी रांगा लावून डोक्याला तेल चोळून घेतलं आणि पन्नासहून अधिक जण डोळे सुजून, लाल होऊन रुग्णालयात गेले. केस राहिले बाजूला.

बरं, ज्याला पुरावा आहे त्या औषधाचं तू काय केलंस? मिनॉक्सिडिल. मूळचं रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून डोक्याला लावायचा द्रव निघाला आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते नेमाने चार ते सहा महिने लावल्याशिवाय गुण दिसत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत केस उलट जास्त गळतात, कारण जुने पडून नवे उगवायची तयारी चाललेली असते. हे बाईंनी तुला चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. तू किती दिवस लावलंस? तीन आठवडे. केस गळताना दिसले आणि बाटली कपाटात गेली. आणि जगाला काय सांगतोस? "मिनॉक्सिडिल मला लागू पडत नाही." तू ते लागू पडायला वेळ दिलास का? रोज दात घासायला वेळ मिळतो, मग टाळूला थेंब लावायला का मिळत नाही?

फिनास्टेराइडचं नाव काढलं की तू दचकतोस. भीती साफ खोटी नाही. डीएचटी कमी करणारी ही गोळी १९९७ पासून केसांसाठी वापरात आहे आणि पुष्कळ पुरुषांत गळती थोपवते. पण थोड्या जणांना लैंगिक तक्रारी होतात, काहींचं मन खचतं. आत्महत्येचे विचार हा तिचा दुष्परिणाम असल्याचं युरोपच्या औषध नियामकांनी २०२५ मध्ये मान्य केलं. म्हणून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, स्वतःचा सगळा इतिहास सांगून, त्यांच्या नजरेखाली घ्यायची. घरात गरोदर बाई असेल तर तुटलेल्या गोळीला तिचा हातही लागता कामा नये. तोलून मापून "नको" म्हणालास तर मी तुझ्या बाजूने उभा राहीन. पण तू तोललंच नाहीस. कुणाचा तरी व्हिडिओ पाहून गोळी टाळलीस आणि त्याच बळावर शेकडो सुया टोचून घ्यायला निघालास. गोळीची भीती वाटते, आणि दिवसभर चालणाऱ्या शस्त्रक्रियेची वाटत नाही? हा कुठला विवेक?

आता शस्त्रक्रियेकडे ये आणि कान देऊन ऐक. प्रत्यारोपणात नवा केस तयार होत नाही. मागचा काढून पुढे लावतात. मागच्या पट्ट्यातलं मूळ पुढे लावलं तरी आपला मूळचा टिकाऊ गुण सोडत नाही, हे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये मांडलं. सगळी शस्त्रक्रिया त्यावर उभी आहे. पण मागचा साठा मोजका असतो. बहुतेकांच्या मागून आयुष्यभरात साधारण पाच-सहा हजार ग्राफ्ट सुरक्षितपणे निघतात, कुणाचे त्याहून कमी, कुणाचे थोडे जास्त. काढलेली जागा पुन्हा भरत नाही. तू सव्वीस वर्षांचा. तुझ्या वडिलांचं डोकं पाहिलंस? मामांचं? तुझं टक्कल तिथवर जायचं आहे, आणि तू सगळी पुंजी आजच कपाळावर ओतून मोकळा होणार, तीही दहावीतल्या फोटोइतकी खाली रेघ ओढून. लावलेले केस टिकतील. त्यांच्या मागचे तुझे मूळचे केस औषधाशिवाय गळतच राहतील. चाळिशीत पुढे केसांचा एक पट्टा, त्यामागे मोकळं मैदान. तेव्हा भरायला मागे काय उरलेलं असेल? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि एका दिवसात पाच हजारच का? कारण पॅकेज तसं आहे. टाळू बधिर करायला लिग्नोकेन देतात. किती द्यायचं याची वजनानुसार मर्यादा असते. ती ओलांडली तर फेफरं येऊ शकतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बैठक जितकी लांबते तितकं औषध वाढतं, म्हणून हिशेब ठेवणारा जाणकार समोर लागतो. २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाने एकाच बैठकीत नऊ हजारांच्या वर ग्राफ्ट लावून घेतले. काम बारा तासांच्या आसपास चाललं. पुढच्या दोन-तीन दिवसांत तो माणूस गेला. माणूस आजारी नव्हता. त्याला केस हवे होते, एवढंच.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की कार्यशाळेत बघून किंवा यूट्यूबवर पाहून कुणी हे काम सुरू करायचं नाही. रीतसर प्रशिक्षण घेतलेला प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ हवा. तंत्रज्ञाने मदत करायची, शस्त्रक्रियेची जबाबदारी डॉक्टरची. तू ज्या बाकावर झोपणार आहेस तिथे डॉक्टर येऊन भूल देऊन निघून जाणार की छिद्रं स्वतः पाडणार? त्याच दिवशी ते शेजारच्या खोलीत आणखी दोघांचं डोकं बघत असणार का? तुला अचानक ॲलर्जी उसळली, रक्तदाब कोसळला, तर ऑक्सिजन कुठे आहे, इंजेक्शन कोण देणार, जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर? विचारलंस? तुला लाज वाटली विचारायला. सूट मागायला वाटली नाही.

त्यांनी दाखवलेले आधीचे-नंतरचे फोटोही मला दाखवलेस. एकात उजेड समोरून, दुसऱ्यात वरून. एकात केस ओले, दुसऱ्यात सुकवून पावडर मारलेले. हे तुझ्या डोळ्यांना दिसलं नाही असं मी मानणार नाही. कॉलेजात असताना प्रयोगवहीतले ढापलेले आकडे तू लांबून ओळखायचास. त्या फोटोतल्या एकाही माणसाला भेटलास? वर्ष उलटलेल्या कुणाचं डोकं उन्हात पाहिलंस? मागचा भाग पाहिलास, जिथून केस काढतात तो? नाही.

खरं कारण मला ठाऊक आहे. डिसेंबरात मुली बघायला सुरुवात होणार. एका स्थळाने फोटो पाहून नकार दिला आणि ते तुझ्या मनाला लागलं. लागणारच. केस जाताना पाहणं सोपं नसतं, सव्विसाव्या वर्षी तर नाहीच. त्या दुःखावर मी एक शब्दही बोलणार नाही. पण घाईचा हिशेब तरी कर. लावलेले केस पहिल्या महिन्या-दीड महिन्यात बहुतेक गळून जातात. नवे दिसायला तीन-चार महिने लागतात, नीट रूप यायला वर्ष. डिसेंबरात तुझं डोकं आजच्यापेक्षा विरळ आणि मागून ठिपक्याठिपक्यांचं दिसेल. म्हणजे वरातीमागून घोडं, तेही हप्ते भरून.

शनिवार रद्द कर. आजच फोन कर. ॲडव्हान्स परत माग, लेखी माग. नाही मिळाला तर सोडून दे, डोक्याहून तो महाग नाही. बाईंची चिठ्ठी शोध, नसेल सापडत तर त्यांच्याकडे जाऊन कबूल कर की औषध लावलं नाही. त्या रागावतील, ऐकून घे. वर्षभर नेमाने उपचार कर आणि दर तीन महिन्यांनी एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढ. वर्षाने शस्त्रक्रिया करावीशी वाटली तर खुशाल कर. तेव्हा डॉक्टरचं नाव, त्यांची पदवी आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेतला त्यांचा नोंदणी क्रमांक कागदावर लिहून माझ्याकडे ये. तो कागद हातात असेल तर तुझ्याबरोबर क्लिनिकमध्ये मी स्वतः येऊन बसेन.